पहिल्या बोलीला हो म्हणायचं नसतं

२ मार्च, रविवार. सकाळ.

ही वही बीपी लिहायला आणली. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोजचा आकडा लिहून ठेवा. पण आकडा लिहिला की बाकीचं पान कोरं राहतं. कागद वाया घालवणं माझ्या जिवावर येतं. म्हणून उरलेल्या जागेत मनातलं लिहीन. कुणी वाचायचं नाही.

बीपी जास्त. कारण काळजी. काळजीचं कारण दानेश्वरी.

दानेश्वरी माझी नात, अमरेशची मुलगी. कडगंचीच्या युनिव्हर्सिटीत एम.ए. इकॉनॉमिक्स करते, शेवटचं सेमिस्टर. हॉस्टेलला असते. तिला इकॉनॉमिक्सला घालायचं हे माझ्याच डोक्यातून निघालं. गौरम्माचं म्हणणं, त्या वेळी मी टीचरचा कोर्स कर म्हणून हट्ट धरला होता आणि जेवण सोडलं होतं. वय झालं की बायकांची आठवण जाते.

ठराव केला. रोज चालायचं. चहा बिनसाखरेचा. आणि दानेश्वरीच्या करिअरला माझ्या अनुभवाचा फायदा द्यायचा.

अनुभव काय ते एकदा लिहून ठेवतो. अख्खी उमर मी बैलबाजारात दलाली केली. हुमनाबाद, भालकी, उदगीर, सगळे बाजार पायाखालचे. उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, समोरच्याच्या बोटांवरून त्याची नड ओळखायची. बैलाचा धनी बाजूला उभा. सौदा पक्का होईपर्यंत त्याला भाव कळू द्यायचा नाही. कळला की तो घाबरतो आणि कमी भावाला मान डोलावतो. हेच सगळं आता कॉलेजात इंग्रजीतून शिकवतात. मला सातवीत शाळा सोडावी लागली, नाहीतर मीच शिकवलं असतं.

५ मार्च, बुधवार.

चालायला निघालो. पाराजवळ लिंगराज बसला होता, तिथेच थांबलो. तेवढं चालणं पहिल्या दिवशी पुरे.

लिंगराज माझा जुना जोडीदार. त्याचा मुलगा शिवशरणसुद्धा एम.ए. इकॉनॉमिक्स, वर नेट पास. बिदरला एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे, किती तरी वर्षं झाली. सुट्टीत पगार नसतो, म्हणून सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात बसतो. लिंगराज म्हणाला, आमच्या खानदानात इतका टिकलेला पाहुणा ह्योच. पुढे म्हणाला, शंकरप्पा, ह्या शिक्षणानं पैसा कुठनं कुठं जायलाय ते समजतंय, आपल्याकडं कामून येत न्हाई तेबी समजतंय. येत मात्र न्हाई.

मी हसलो, पण घरी आल्यावर छातीत धडधड सुरू झाली. गोळी घेतली. मग शांतपणे विचार केला. शिवशरणची चूक उघड आहे. पहिली जागा मिळाली, ती धरून बसला. थांबला असता तर भाव आला असता.

दानेश्वरीसाठी करिअरचा विचार केला. बँक: बरी, पण बदल्या फार. कलेक्टर: बरं, पण परीक्षा फार. रिझर्व्ह बँक: सगळ्यात बरं. नोटेवर सही असते. तिथे कन्नडमध्ये सही चालते का, शिवशरणला विचारायचं.

चहात साखर होती. नेत्रावतीनं विसरून घातली असणार. सून चांगली आहे, पण विसराळू. टाकून कसा द्यायचा, म्हणून प्यालो.

९ मार्च, रविवार. दुपार.

दानेश्वरी दोन दिवसांसाठी आली आहे. वाळली आहे.

बंगळुरूला एक संस्था आहे. गावोगावी पाहणी करतात, लोक काय खातात, काय कमावतात, मुलींना शाळेत का घालत नाहीत, आणि त्याचा रिपोर्ट सरकारला देतात. तिथे तिचा इंटरव्ह्यू झाला, कॉम्प्युटरवरच. संशोधन सहायक अशी पोस्ट. ती म्हणाली, अज्जा, मला हेच काम करायचंय. पुस्तकात जे वाचायलेय ते गावात खरं हाय का, ते बघायचं काम. मी म्हणालो, त्याच्यासाठी बंगळुरूला कामून जायचं, गाव तर हितंच हाय. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

काल रात्री जेवताना अमरेशनं विषय काढला. भालकीचं स्थळ आलंय. मुलाचं खत-बियाण्याचं दुकान आहे, माणसं आपल्यातलीच, पण सुनेनं बाहेर नोकरी करायची नाही. अमरेश म्हणाला, जूनपर्यंत नोकरी लागली तर तुझ्या मनासारखं. न्हाईतर माझ्या मनासारखं. दानेश्वरी म्हणाली, व्हय अप्पा. भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसली.

मी तिला नंतर अंगणात सांगितलं, घाबरू नकोस, मी हाय.

१० मार्च, सोमवार.

दानेश्वरी गेली. जाताना सांगून गेली की संस्थेत दुसरा नंबर म्हणून माझा फोन नंबर दिलाय. परीक्षेत तिचा फोन बंद असतो. अप्पा दुकानात फोन उचलत न्हाईत, आईच्या फोनला चार्जिंग नसतंय. तुम्हीच एक हाव अज्जा, पहिल्या रिंगला उचलणारे.

बीपी एकदम ठीक. अमरेशला हे ऐकवलं. तो म्हणाला, दिवसभर दुसरं काम काय हाय तुम्हाला.

चालणं उद्यापासून. आज फोनजवळ थांबणं भाग होतं.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी.

फोन आला. फोन ठेवल्या ठेवल्या लिहायला बसलो, म्हणून अक्षर असं.

बंगळुरूची बाई होती. अगोदर इंग्रजी, मग हिंदी. आवाज गोड. दानेश्वरीचा फोन बंद आहे म्हणाली. मी म्हणालो, परीक्षेत आहे, मी आजोबा, काय असेल ते माझ्याशी बोला. ती म्हणाली, अभिनंदन, तुमच्या नातीची निवड झालीय. पगार सांगितला. सोमवारपर्यंत हो कळवा म्हणाली, मागे दुसरे उमेदवार थांबलेत.

पगार बरा होता. चांगलाच बरा होता. म्हणूनच सावध झालो. जे गिऱ्हाईक पहिल्याच बोलीला एवढं देतं, त्याच्या खिशात अजून असतं. आणि मागे दुसरे थांबलेत, हे वाक्य तर मी स्वतः हजार वेळा वापरलंय.

मी आवाज थंड ठेवला. म्हणालो, मुलगी हुशार आहे. दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. या पगारात आमची मुलगी यायची नाही. ती विचारायला लागली, म्हणजे नकार समजायचा का? मी म्हणालो, या भावाला नकारच समजा, पुढचं तुम्ही बघा. ती थोडा वेळ गप्प होती. गप्प राहणं म्हणजे मनात आकडेमोड. मग म्हणाली, ठीक आहे सर, थँक्यू. सर म्हणाली. थँक्यू म्हणाली. पुरता गळाला लागलाय मासा.

दानेश्वरीला सांगायचं नाही. पोरगी घाबरेल आणि आहे त्या भावाला मान डोलावेल. हात अजून उपरण्याखाली आहे.

गौरम्मानं विचारलं, कुणाचा फोन. कंपनीचा, म्हणालो. खोटं नाही.

२३ मार्च, रविवार.

फोन नाही. रविवारी ऑफिस बंद. साहजिक.

२४ मार्च, सोमवार. रात्री.

फोन नाही. आज सोमवार, म्हणजे त्यांचाच दिवस. मुद्दाम ताणतायत. मीही ताणणार. फोन रिचार्ज करून ठेवला. आंघोळीला जाताना फोन खिडकीत ठेवला आणि नेत्रावतीला पहाऱ्याला बसवलं. सकाळी लिंगपूजेला बसलो तरी कान तिकडेच. हे पाप. पण नातीसाठी.

२६ मार्च, बुधवार.

फोन आला. परत बाईच. ऑफर आहे म्हणाली. मी म्हणालो, मागच्यापेक्षा किती वाढवलं ते अगोदर सांगा. ती म्हणाली, सर, लिमिट वाढवून मिळेल. मी म्हणालो, लिमिट नको, राहायची सोय आणि सणाला सुट्टी पण पाहिजे. बराच वेळ चाललं. शेवटी कळलं, क्रेडिट कार्ड विकणारी होती. तिनंच फोन ठेवला.

अमरेश बाजूलाच जेवत होता. म्हणाला, अप्पा, बँकेकडनं सणाची सुट्टी कामून मागायलाव? मी म्हणालो, तुला कळायचं नाही.

बीपी लिहीत नाही. मशिन बिघडलंय.

३० मार्च, रविवार. उगादी.

कडुनिंब-गूळ खाल्ला. माझ्या वाटणीला गूळ कमी आला.

दानेश्वरी सणाला आली नाही, अभ्यास आहे म्हणाली. फोनवर बोलली. इंटरव्ह्यूचं अजून काही कळलं नाही, मेल पण आला नाही. आवाज बारीक. मग तिनं विचारलं, अज्जा, तुम्हाला कुणाचा फोन आलता का?

मी नाही म्हणालो नाही. अजून पक्कं काही नाही, असं म्हणालो. हे शब्दशः खरं आहे. वर धीर दिला, गिऱ्हाईक फिरून येतंय पोरी, दम धर. ती म्हणाली, अज्जा, मी गिऱ्हाईक कुठं शोधायलेय. मी नोकरी शोधायलेय. दोन्हींत फरक नाही हे तिला अजून शिकवलेलं दिसत नाही. शेवटच्या सेमिस्टरला असेल.

४ एप्रिल, शुक्रवार.

खरा दलाल कधी स्वतःहून परत फोन करत नाही. म्हणून मी शिवशरणला करायला लावला.

त्याच्या कॉलेजला सुट्टी, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात गेलो, संस्थेचा नंबर दिला. सांगितलं, नातीच्या मैत्रिणीचं काम आहे. तो इंग्रजीत बोलला. बोलता बोलता माझ्याकडे बघायला लागला. फोन ठेवून म्हणाला, काका, जागा भरली. त्या सोमवारीच भरली. मुलीच्या आजोबांनी नको म्हणून सांगितलं, असं त्यांच्याकडं लिहिलेलं हाय.

मी म्हणालो, नको म्हटलं नव्हतं. या भावाला नको म्हटलं होतं.

त्यानं मशिनचं झाकण उघडलं. मग कुणाची तरी मार्कलिस्ट झेरॉक्स करत म्हणाला, काका, मला एकदा तरी कुणी असा फोन केला असता.

शिवशरणचं इंग्रजी कच्चं आहे. तिकडचं बोलणं त्याला बरोबर कळलं नसेल. म्हणून तर बिचारा अजून गेस्ट आहे.

येताना चालतच आलो. बस समोर उभी होती, पण सुचलं नाही.

५ एप्रिल, शनिवार.

ठराव: दानेश्वरीला आज सांगून टाकायचं. सकाळी तिची लायब्ररी असते. दुपारी तिला झोप पाहिजे. संध्याकाळी रेंज नसते. उद्या.

९ एप्रिल, बुधवार.

तिनं स्वतःच संस्थेत फोन केला. तिला सगळं कळलं.

मला फोन आला तेव्हा मी पहिल्या रिंगला उचलला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाली, अज्जा, बाजारात बैलाचं तोंड तरी उघडून दात बघत्यात. मला तर कुणी तोंडबी उघडू दिलं न्हाई.

मी तिला समजावलं. मागणी-पुरवठा. पहिल्या बोलीला हो म्हटलं की पुढे जन्मभर तोच भाव राहतो. मी सगळं तुझ्यासाठी केलं. माझं बोलणं बराच वेळ चाललं. मुद्दे चांगले निघत होते. मग लक्षात आलं, फोन केव्हाच बंद झालाय.

रेंजचा प्रॉब्लेम. कडगंचीला रेंज कमी.

१० एप्रिल, गुरुवार.

घरात सगळ्यांना कळलं. नेत्रावतीनं ताट समोर ठेवलं आणि आत गेली. वाढायला थांबली नाही. अमरेश एवढंच म्हणाला, चला, माझं काम सोपं झालं. ते ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

गौरम्मा बोलली. एरवी ती मला अहो-जाहो करते. आज म्हणाली, बैल विकलास, म्हशी विकलास, कुणाच्या जिवाला लागलं न्हाई कारण ते मुके होते. मी म्हणालो, या भाषेत नवऱ्याशी बोलतात का? ती म्हणाली, मंग कोणत्या भाषेत बोलू, इंग्लिशमधी?

डोकं दुखतंय. मशिन दुरुस्त झालंय, पण बघायची हिंमत नाही. जास्तच असणार. याचा कुणी विचार करत नाही.

३० एप्रिल, बुधवार. बसव जयंती.

मिरवणुकीत गेलो. लिंगराज शेजारून चालत होता, काही बोलला नाही. शिवशरणनं सांगितलं असणार. आजकाल लोकांच्या पोटात काही राहत नाही.

एक नवा विचार आला. दानेश्वरीनं अजून तीन-चार ठिकाणी अर्ज केलेत, असं नेत्रावती शेजारणीला सांगत होती. म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. दोन ठिकाणांहून बोलावणं आहे असं मी बोललो होतो, तेव्हा लोकांनी खोटं म्हटलं. आता चार होतील.

१८ मे, रविवार.

परीक्षा संपली. दानेश्वरी सामान घेऊन घरी आली. पुस्तकांची पेटी माळ्यावर चढवायला घेतली. मी म्हणालो, खाली राहू दे, मी वाचीन. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शिडीवर चढली.

बोलते माझ्याशी. चहा घेता का अज्जा, गोळी घेतली का अज्जा. यापलीकडे नाही. गोड बोलते. हेच अवघड.

चार अर्जांपैकी एकाचं उत्तर आलं, नको म्हणून. बाकीच्यांनी तेवढंही कळवलं नाही.

२२ जून, रविवार.

भालकीची माणसं आली. मुलगा बरा आहे, बोलताना खाली बघतो. मी बैठकीत बसायला पांढरं धोतर नेसून तयार होतो. अमरेश म्हणाला, अप्पा, तुम्ही आत आराम करा, तुमचं बीपी हाय. मी म्हणालो, बीपी ठीक आहे. तो म्हणाला, तरी.

आतल्या खोलीतून ऐकलं. दानेश्वरीनं स्वतःच बोलणी केली. म्हणाली, लग्न दिवाळीनंतर. तवर मी काम करणार, बिदर जिल्ह्यातच, रोज घरी येऊन. लग्नानंतरचं लग्नानंतर बघू. भालकीवाले कुजबुजले. ती थांबली. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. शेवटी व्हय म्हणाले.

मी भिंतीमागे बसून ऐकत होतो. माझ्याच वळणावर गेलीय पोरगी. बाहेर येऊन हे सांगणार होतो, तोवर पेढे वाटून झाले होते.

१४ जुलै, सोमवार.

तिला काम मिळालं. कंत्राटदाराकडचं, सर्व्हेचं. घरोघर जायचं, टॅबमध्ये उत्तरं भरायची. जेवढी घरं तेवढे पैसे. एम.ए. लागत नाही, बारावी चालते. दोन मुली तिच्याबरोबर आहेत, दोघी बारावीच्या. लिंगराजनं मला विचारलं, काय शंकरप्पा, रिझर्व्ह बँक का? मी म्हणालो, सुरुवात अशीच होते. त्यानं मान डोलावली. पूर्वी हसला असता.

ठराव: आजपासून कोणाच्याच कामात लक्ष घालायचं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळ.

आज सर्व्हे आमच्या गल्लीत होता. बरोबरच्या एका मुलीला ताप, म्हणून आमचं घरही दानेश्वरीच्याच वाट्याला आलं. सकाळी याच दारातून बाहेर गेली होती. दुपारी गळ्यात कार्ड अडकवून, टॅब घेऊन, बाहेरून कडी वाजवून आली. गौरम्मा म्हणाली, दार उघडंच हाय की गं. ती म्हणाली, नियम हाय अज्जी.

नियमाप्रमाणे सगळं विचारते. प्रश्न अगोदर कन्नडमध्ये वाचते, मग मराठीत सांगते. कुटुंबप्रमुखाचं नाव? मी माझं सांगितलं. अमरेशचं लावायचंय, कमावणारा तो हाय, म्हणाली. बरं म्हणालो. माझं वय, शिक्षण. नववी म्हणालो. तिनं बोट वर धरून ठेवलं. सातवी, म्हणालो. तिनं भरलं.

व्यवसाय विचारला. दलाल, म्हणालो. सध्याचा, अज्जा. मी म्हणालो, सल्लागार. तिनं खाली सरकवत सरकवत एक खूण केली. मला चष्म्यातून दिसलं, काम करत नाही.

मग पुढचा प्रश्न. घरातल्या मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि नोकरीबद्दल शेवटचा निर्णय कोण घेतं? वाचताना तिचा आवाज तसाच होता, शेजाऱ्याच्या घरी वाचला असेल तसा. नेत्रावती पीठ मळत होती, ती थांबली. गौरम्मा माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, हा प्रश्न तुम्ही सर्व्हेवाले फार मोघम विचारता. परिस्थितीवर असतं. काही वेळा गैरसमज होतात. पर्याय किती आहेत?

ती म्हणाली, सात.

मी म्हणालो, सगळे वाच. तिनं सगळे वाचले. स्वतः मुलगी. वडील. आई. दोघं मिळून. आजोबा-आजी. इतर. सांगता येत नाही. मी शेवटचं धर म्हणालो. तिनं मान हलवली नाही, हो-नाही काही नाही. कुठं तरी बोट टेकवलं आणि पुढच्या प्रश्नावर गेली. घरात संडास आहे का.

सगळं झाल्यावर मी विचारलं, त्या प्रश्नाला काय भरलंस?

ती टॅब पिशवीत घालत म्हणाली, ते सांगायचं नसतंय अज्जा, माहिती गुप्त ऱ्हाते.

नेत्रावतीनं चहा आणला. दानेश्वरीनं घेतला नाही. ज्या घरी सर्व्हे करतो तिथं काही घ्यायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय म्हणाली. दारावर खडूनं नंबर टाकला आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

तिचा चहा मी प्यालो. साखर होती.